मॅनेजमेंटची पदवी आणि विहाराची वही

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हाला जो विषय दिला आहे तो वर्धापन दिनाला जरा वेगळा वाटेल. कॉलेजातले व्यवसाय-व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आणि त्यासाठी आपल्या मुलांची तयारी, असा तो विषय आहे. तो निवडण्याचे कारण सरळ आहे. गुणगौरवाच्या कार्यक्रमात बारावी पास झालेल्या मुलाला किंवा मुलीला "पुढे काय करणार?" असे विचारले की अलीकडे हमखास उत्तर येते, "बीएमएस", "बीबीए", "मॅनेजमेंट". आई-वडिलांकडे वळून विचारावं तर ते म्हणतात, "मॅनेजर होणार म्हणे." मॅनेजर म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणी पाहिलेलं नसतं. आपल्याकडे ऑर्डनन्स फॅक्टरीतला कामगार आहे, रेल्वेतला गँगमन आहे, नगरपालिकेतला सफाई कामगार आहे, शाळामास्तर आहे, बँकेतला कारकून आहे. फी मात्र घराला नीट ठाऊक असते, कारण ती भरण्यासाठी आईचे डोरले गेलेले असते. तेव्हा या विषयावर विहारात बोललेच पाहिजे.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. ती केवळ रिवाज म्हणून नव्हे. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, वकील म्हणून ओळखतो. पण ते कॉमर्स कॉलेजचे प्राध्यापक होते हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले. आशियातले पहिले कॉमर्स कॉलेज म्हणून ते ओळखले जाते. तिथे नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात बाबासाहेब अर्थशास्त्र शिकवीत होते. पगार महिना साडेचारशे रुपये. त्यातले पैसे काटकसरीने शिल्लक टाकून आणि मित्रांची व शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये लंडनला अपुरे शिक्षण पुरे करायला गेले. त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. म्हणजे आज बीएमएसच्या वर्गात बिझनेस लॉ नावाचा जो विषय पोरांना रटाळ वाटतो, तो बाबासाहेब स्वतः फळ्यापुढे उभे राहून शिकवीत होते.

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५३ साली सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स सुरू केले. कायद्याचे कॉलेज त्यानंतरचे, १९५६ चे. कॉमर्स आधी आले, याची नोंद घ्या. आपल्या समाजाला पैशाचा हिशेब आणि बाजाराचे व्यवहार कळले पाहिजेत, ही गोष्ट त्यांच्या मनात किती वरच्या जागी असावी, हे यावरून दिसते.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. आपल्या देशात अहमदाबाद आणि कलकत्ता येथील आय.आय.एम. १९६१ साली निघाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. या सगळ्या पदवीनंतरच्या. बारावीनंतर लगेच मॅनेजमेंट शिकवण्याचा बीएमएस हा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाने १९९९-२००० मध्ये सुरू केला, आणि मग कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीपासून आपल्या बदलापूरपर्यंत जिथे तिथे बीएमएसची पाटी दिसू लागली. विज्ञान, कला, वाणिज्य कोणत्याही शाखेचा मुलगा तिथे जाऊ शकत होता. हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा, माणसांशी वागणे-बोलणे, आणि पुढे फायनान्स, मार्केटिंग की मनुष्यबळ हे निवडायचे. अभ्यासक्रम कागदावर चांगला आहे. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही.

पण २०२४ साली एक बदल झाला, तो पालकांनी समजून घ्यावा. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून दिल्लीच्या ए.आय.सी.टी.ई.च्या मान्यतेखाली आले. त्यामुळे राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेतली गेली. पुष्कळ मुलांना परीक्षा आहे हेच कळले नाही; पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी मग तोच अभ्यासक्रम बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज या नावाने चालू ठेवला, म्हणजे सीईटीची अट नको. तेव्हा पाटीवरचे नाव एक आणि आतला प्रकार दुसरा, असे होऊ शकते. प्रवेश घेण्यापूर्वी खिडकीवर तीन प्रश्न विचारा: पदवी विद्यापीठाची की संस्थेची स्वतःची? ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता लागते का, आणि लागत असेल तर आहे का? आपल्या मुलाला महाडीबीटीवर या कोर्सची शिष्यवृत्ती मिळते का? खिडकीवरचा माणूस कंटाळला तरी विचारा. तो कंटाळण्याचा पगार घेतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण यात आपली घरे बुडतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फीबरोबर निर्वाह भत्ता. उत्पन्न जास्त असेल तर फीची सवलत, तिला फ्रीशिप म्हणतात. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला हे मिळते ते सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तर. संस्थेच्या कोट्यातून, ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्यातून प्रवेश घेतला की ही दारे बंद. आपल्याकडे जूनमध्ये एजंट फिरतो. तो गोड बोलतो. "काका, फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करून देतो, शिष्यवृत्तीचं नंतर बघू." ते नंतर कधी येत नाही. मॅनेजमेंट शिकायला निघालेल्या मुलाचा पहिला व्यवहारच असा मॅनेजमेंट कोट्यात फसतो. एजंटाला चहा पाजा आणि परत पाठवा.

कागदपत्रांचेही तसेच. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला हे बारावीच्या निकालानंतर सुचतात. तोवर सेतू केंद्रात रांग लागलेली असते. वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. आणि केंद्राच्या संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. १९९० साली केंद्राने कायदा दुरुस्त केला तेव्हा बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. त्याआधी आपला मुलगा मुंबईत सवलतीचा आणि दिल्लीत खुल्या वर्गातला होता. इतक्या वर्षांच्या मागणीने मिळालेला हक्क एका चुकीच्या नमुन्यातल्या कागदापायी गमावणे बरे नव्हे.

बीएमएसच करायचे का? आमचे मत विचाराल तर घर ओढाताणीत असेल तर नाही. अनुदानित बी.कॉम.ची फी आणि विनाअनुदानित बीएमएसची फी यांत कित्येक पटींचा फरक असतो. एमबीएला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बी.कॉम. नीट करावे, हिशेब पक्का करावा, आणि मग राज्याची एमबीए सीईटी किंवा आय.आय.एम.ची कॅट द्यावी. कॅटला अनुसूचित जातीच्या उमेदवाराला पदवीत ४५ टक्के पुरतात, आय.आय.एम.मध्ये १५ टक्के जागा राखीव असतात. प्रवेश मिळाला तर केंद्राची टॉप क्लास नावाची योजना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या मुलाची फी तीत भरली जाते. ही योजना आपल्या वस्तीत दहा घरांनाही माहीत नसेल. सगळ्यांना आय.आय.एम. मिळणार नाही हे आम्हालाही कळते. पण तिथे आपल्याला जागा आहे हेच माहीत नसणे, ही दुसरीच गोष्ट.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. पदवी घेऊनही आपली मुले मॅनेजर का होत नाहीत? पदवीनंतर कॉल सेंटर, नाही तर दुकानात विक्रेता, नाही तर पुन्हा पोलीस भरतीच्या मैदानावर धावणे. असे का?

घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "धंदा आपल्या रक्तात नाही." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा राग येतो. आपल्या शेजारचे उल्हासनगर बघा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि कल्याणच्या लष्करी छावणीत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळाले. आजही लोक कॅम्प एक, कॅम्प दोन, तीन, चार, पाच असेच पत्ते सांगतात. घरदार, जमीन, दुकान सगळे मागे राहिले होते. बराकीत संसार. त्यातून कापडाचा, फर्निचरचा, जीन्सचा बाजार उभा राहिला. आपल्या बायाबापड्या लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जातात ना? रक्तात असते ते सोडा, त्यांच्याकडे दोन गोष्टी उरल्या होत्या. एक म्हणजे हिशेबाची सवय. शाळेतून आलेले पोर गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक कसे परत जाऊ द्यायचे नाही, उधारी किती दिवसांची, माल कुणाकडून घ्यायचा, हे ते दहाव्या वर्षी शिकते. दुसरी म्हणजे एकमेकांना दिलेली उधारी. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला शब्दावर माल दिला.

पहिली गोष्ट आपण शिकू शकतो. दुसरीच्या बाबतीत मात्र सरळ बोलले पाहिजे. बाजार सगळ्यांना सारखा नसतो. खुद्द बाबासाहेबांनी अमेरिकेहून परत आल्यावर शेअर-बाजाराच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. त्याच्यापेक्षा चांगला सल्ला मुंबईत कोण देणार होता? सुरुवातीला गिऱ्हाईक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर यायचे थांबले. पेढी बंद झाली. आणि हे जुन्या काळचे म्हणून सोडू नका. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावापेक्षा बरीच कमी निघाली. मॅनेजमेंटच्या नोकऱ्या बहुतेक खाजगीत, आणि खाजगीत आरक्षण नाही. हे मुलांना आधीच सांगावे. म्हणजे पहिल्या तीन ठिकाणी नकार आला तर ते स्वतःला नालायक समजणार नाहीत.

मुलाखतीत हमखास विचारतात, "वडील काय करतात?" आमच्याकडे एक मुलगा येऊन सांगत होता, "सर, तिथंच माझी जीभ अडकली." वडील नाका-कामगार. त्याला आम्ही म्हटले, अरे, तुझा बाप रोज सकाळी नाक्यावर उभा राहून आपल्या मजुरीचा भाव ठरवतो, चार माणसे जमवतो, कॉन्ट्रॅक्टरकडून पैसे वसूल करतो. बोलणी, माणसे जमवणे आणि वसुली! तुझ्या पुस्तकात याचेच धडे आहेत. पोरगा हसला. पुढच्या ठिकाणी त्याने हेच सांगितले की नाही ते आम्ही विचारले नाही. नोकरी लागली एवढे कळले.

आपल्या माणसांत हे गुण नाहीत असे नाहीच. पद्मश्री कल्पना सरोज यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. अकोला जिल्ह्यातल्या, लहानपणी लग्न झालेल्या, शिलाईकाम करून पोट भरलेल्या, आपल्या कल्याणात राहिलेल्या. कर्जात आणि कोर्टकज्ज्यांत बुडालेली कुर्ल्याची कमानी ट्यूब्स त्यांनी हाती घेतली, २००६ साली तिच्या अध्यक्ष झाल्या आणि ती पुन्हा उभी केली. २०१३ साली पद्मश्री मिळाली. त्या कॉलेजात गेल्या नव्हत्या. पण आम्हाला त्यांच्या गोष्टीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी कर्जाचा हिशेब मांडला. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, ते वेगळे केले आणि बँकांशी बोलणी करून ओझे कमी करून घेतले. कर्जाला घाबरून न जाता त्याचे तुकडे करून बघणे, हे काम मॅनेजरचे.

मग हे आपल्या मुलांना कुठे शिकायला मिळेल? कॉलेजात शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो, शंभर मार्कांचा. कल्पना चांगली. प्रत्यक्षात काय होते हे स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. त्याच्याकडे तयार प्रोजेक्ट असतात. नाव बदलायचे, स्पायरल बाइंडिंग करायचे, झाले. ज्याच्या बापाची फॅक्टरी आहे त्या मुलाने असे केले तर त्याचे फारसे बिघडत नाही, तो फॅक्टरीत शिकेलच. आपल्या मुलाला खरा व्यवहार हाताळण्याची तीन वर्षांतली ती एकच संधी असते आणि ती दोनशे रुपयांत जाते.

त्याला खरा व्यवहार हवा असेल तर तो इथे आहे, या विहारात. आपला ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चालतो. पावतीपुस्तके आहेत, कीर्द आहे, खतावणी आहे, दरवर्षी ऑडिट होते, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो. चौदा एप्रिलची जयंती घ्या. मंडप, लाईट, साऊंड, पाण्याचा टँकर, भोजनदान, मिरवणुकीची पोलीस परवानगी, वर्गणी, वर्गणी न देणाऱ्यांची समजूत. हे सगळे दोन-तीन ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या डोक्यात असते. कागदावर काही नसते. त्यांचे पाय धरून सांगावेसे वाटते की दादा, हे कागदावर आणा. तिन्ही मंडपवाल्यांकडून लेखी दर घ्या. गेल्या वर्षीचा खर्च आणि यंदाचा खर्च शेजारी-शेजारी मांडा. हे काम शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना आणि दोन मुलींना द्या. कॉलेजच्या सरांची परवानगी घेऊन त्यांनी यावरच प्रोजेक्ट करावा. मुलाखतीत त्यांना सांगता येईल की आम्ही इतक्या रुपयांचा कार्यक्रम सांभाळला, इतके वाचवले, इथे चुकलो. असा माणूस कंपनीला समजतो.

खजिनदारांना ही सूचना आवडेलच असे नाही. पोरांनी वही बघायची म्हणजे काय, असे काहींना वाटेल. तर बघावीच. वही बघितल्याने खजिनदाराचा मान कमी होत नाही. हिशेब कळलेल्या चार मुलांपुढे तो मान उलट वाढतो.

आमच्या भगिनींना हे सांगायची गरज नाही. त्यांच्या बचत गटाची वही उघडा. महिन्याची बचत, कुणाला किती कर्ज, व्याज किती, हप्ता कुणाचा थकला, सगळे लिहिलेले. सातवी शिकलेली मावशी ते सांभाळते. बीएमएसच्या मुलीने तिच्याजवळ तीन महिने बसावे, आणि मावशीला संगणकावर हिशेब मांडून द्यावा. दोघी शिकतील. सिगालोवाद सुत्त आपण वर्षावासात ऐकतो. गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन उद्योगात, चौथा अडचणीसाठी शिल्लक, असा त्यात उपदेश आहे. ऐकताना आपण माना डोलावतो. कमाईचे निम्मे उद्योगात घाला असे भगवंताने सांगितले आहे, हे किती जणांच्या लक्षात राहते?

इंग्रजीबद्दल एवढेच. हे कोर्स इंग्रजीत असतात आणि मराठी शाळेतले मूल पहिल्या प्रेझेंटेशनला गप्प बसते. व्याकरणाच्या क्लासला पैसे घालण्यापूर्वी रोज मोठ्याने वाचायला लावा. बदलापूर ते सीएसएमटी गाडीत दीड तास जातो. चार मुलांनी एका डब्यात जमून व्यापाराच्या पानावरची एक बातमी इंग्रजीत एकमेकांना सांगावी. लोक बघतील. बघू द्या.

कार्यकारिणीशी आम्ही बोललो आहोत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर एक तास विहारात कॉलेजच्या मुलांची बैठक होईल. जयंतीच्या हिशेबाच्या वह्या टेबलावर ठेवलेल्या असतील. नोकरीत असलेले आपले दोन बँकवाले आणि एक निवृत्त अकाउंटंट यायला तयार आहेत. अकरावी-बारावीच्या पालकांनीही यावे, आणि येताना जातीचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणाव्यात, म्हणजे वैधतेचे अर्ज त्याच दिवशी भरायला घेता येतील.

जयभीम.